प्रिंटर एक, यंत्रं चार तऱ्हेची: विंडोज, उबुंटू, मॅक आणि मोबाइलवरून एकाच प्रिंटरवर छापायचं कसं

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात प्रिंटर काउंटरवरच्या कॉम्प्युटरला यूएसबी केबलने जोडलेला होता. एका शनिवारी एक मुलगी परीक्षेचं हॉलतिकीट छापायला आली. ग्रंथपालबाई बँकेत गेल्या होत्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरला पासवर्ड होता. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, ट्रेमध्ये कागद भरलेला, दोन हातांवर अभ्यासिकेतला उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीचा) कॉम्प्युटर चालू, मुलीच्या मोबाइलवर हॉलतिकिटाची पीडीएफ उघडलेली. तरी छापता येईना. बाई परत येईपर्यंत ती बाकावर बसून राहिली.

त्याच आठवड्यात मी तिथली जोडणी बदलायला घेतली. नंतर एका शिकवणीवर्गात आणि दोन-तीन घरांत हेच काम केलं. सगळीकडे मूळ दुखणं एकच निघालं: प्रिंटर कुणातरी एकाच्या कॉम्प्युटरचा असतो. तो त्या जागेचा व्हायला हवा, म्हणजे राउटरशी (इंटरनेट आणि वायफाय वाटणाऱ्या डब्याशी) थेट जोडलेला आणि स्वतःचा कायमचा पत्ता असलेला. एवढं झालं की समोर विंडोज आहे, उबुंटू आहे की मॅक, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून या लेखात प्रिंटरच्या पत्त्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे. तो भाग वगळून पुढे जाऊ नका.

मेनूंची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील. पत्ते टाइप करतानाही अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे.

आधी प्रिंटरची पाठ बघा

प्रिंटर फिरवून मागची बाजू बघा. जाडसर, चौकोनी खाच म्हणजे यूएसबी. ती जवळपास प्रत्येक प्रिंटरला असते. तिच्या शेजारी टेलिफोनच्या खाचेसारखी, पण जरा रुंद खाच असेल तर ती लॅनची, म्हणजे राउटरकडून येणारी केबल लावायची. समोरच्या बटणांमध्ये वायफायची चढत्या कमानींची खूण आहे का तेही बघा.

लॅनची खाच किंवा वायफाय, दोन्हींपैकी एक असेल तर काम सोपं आहे. फक्त यूएसबी असेल, तर प्रिंटर आणि राउटर यांच्यामध्ये एक मध्यस्थ लागतो. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे आपल्याकडे वकिलांच्या टेबलांवर, झेरॉक्सच्या दुकानांत, सोसायटीच्या ऑफिसांत आजही दिसणारे प्रिंटर याच यूएसबीवाल्या गटातले. त्यांचा विचार पुढे वेगळा केला आहे.

लॅन आणि वायफाय दोन्ही असेल तर लॅनची केबलच वापरा, हा माझा ठाम सल्ला. प्रिंटर जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून जोडायचं कारण काय? केबल लावली की वायफायचा पासवर्ड बदलला तरी प्रिंटरला त्याची झळ लागत नाही.

केबल पोचतच नसेल तर वायफाय. प्रिंटरला छोटा पडदा असेल तर त्यातल्या नेटवर्क मेनूत जाऊन वायफायचं नाव निवडायचं आणि पासवर्ड घालायचा. पडदा नसेल तर राउटरवरचं डब्ल्यूपीएस (पासवर्ड न घालता जोडणी करणारं) बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं वायफायचं बटण दाबून धरा. लुकलुकणारा निळा किंवा हिरवा दिवा स्थिर झाला की जोडणी झाली. एक गोष्ट ध्यानात असू द्या: पुष्कळ प्रिंटरांना फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय कळतं, ५ गिगाहर्ट्‌झचं दिसतच नाही. राउटरवर दोन वेगळी नावं असतील तर २.४ वालं निवडा. कॉम्प्युटर ५ वर राहिला तरी हरकत नाही, राउटर एकच असला म्हणजे झालं.

पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वायफाय असेल, तर प्रिंटर त्यावर कधीही जोडू नका. गेस्ट वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

प्रिंटरला कायमचा पत्ता द्या

राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३. हा पत्ता मालकीचा नसतो, भाडेकराराचा असतो. मुदत संपली, किंवा लाइट जाऊन आली आणि राउटर नव्याने सुरू झाला, की प्रिंटरला २३ ऐवजी ३१ मिळू शकतो. कॉम्प्युटर बिचारा २३ वरच कागद पाठवत राहतो. 'काल चालत होता, आज ऑफलाइन दाखवतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. लोक मग ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकतात. नव्याने टाकताना प्रिंटर नव्या पत्त्यावर सापडतो, चालतो, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

यावर उपाय म्हणजे राउटरला सांगून ठेवायचं की हा पत्ता या प्रिंटरसाठी राखीव. ते असं:

पहिल्यांदा प्रिंटरचा मॅक ॲड्रेस शोधा. हे नाव ॲपलच्या मॅकशी संबंधित नाही. हा नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचा, कारखान्यातच ठरलेला, बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. पडदा असलेल्या प्रिंटरवर तो नेटवर्कच्या माहितीत मिळतो. पडदा नसेल तर प्रिंटरची माहिती देणारं पान छापून घ्यायचं. काही प्रिंटरांवर त्यासाठी एखादं बटण पाच-सात सेकंद दाबून धरावं लागतं. कोणतं, ते सोबतच्या पुस्तिकेत असतं. या पानावर प्रिंटरचा सध्याचा पत्ताही असतो. पान जपून ठेवा.

मग कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून राउटरचा पत्ता टाइप करा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या लेबलवर हा पत्ता आणि पासवर्ड असतो. आत गेल्यावर डीएचसीपी किंवा लॅन या भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी मॅक बाइंडिंग' असं काहीतरी सापडेल. नाव कंपनीगणिक बदलतं, काम एकच. तिथे मॅक ॲड्रेस घाला आणि त्यापुढे सहज लक्षात राहील असा पत्ता, समजा १९२.१६८.१.५०. सेव्ह करा. प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करा.

राउटरचा पासवर्ड इंटरनेटवाल्याकडेच असेल तर त्याला फोन करून हे करून घ्या. त्यांच्या माणसाला 'या मॅक ॲड्रेसला पन्नास नंबर राखीव ठेवा' एवढं सांगितलं की समजतं. आकडा प्रिंटरच्या मेनूत हाताने भरूनही पत्ता पक्का करता येतो, पण तोच आकडा राउटर उद्या एखाद्या मोबाइलला देऊन बसतो आणि दोघांची टक्कर होते. म्हणून राउटरमध्येच राखून ठेवणं बरं.

आता परीक्षा. कोणत्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५० टाइप करून एंटर मारा. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडेल: टोनर किती उरला, किती पानं छापली, कोणता कागद ठरवला आहे. ब्राउझरने 'सुरक्षित नाही' असा इशारा दिला तरी घाबरू नका. प्रिंटर तुमच्या घरातलाच आहे. हे पान उघडलं म्हणजे निम्म्याहून जास्त काम झालं. उघडलं नाही, तर पुढे जाऊ नका, कारण मग कोणत्याही कॉम्प्युटरवर काहीही टाकलं तरी छापणार नाही.

त्या पानावर असतानाच दोन कामं उरका. कागदाचा आकार ए४ आहे ना ते बघा. अमेरिकी 'लेटर' ठरवलेला असेल तर प्रिंटर नारिंगी दिवा लुकलुकवत थांबतो आणि ट्रेमध्ये कागद असूनही कागद मागतो. दुसरं, या पानाला प्रशासकाचा पासवर्ड लावा. नाहीतर वायफायवरचा कुणीही येऊन सेटिंग बदलू शकतो.

ड्रायव्हरचं काय?

पूर्वी प्रत्येक प्रिंटरची भाषा निराळी होती आणि ती कॉम्प्युटरला शिकवायला ड्रायव्हरची सीडी लागायची. २०१० च्या नोव्हेंबरात ॲपलने आयफोन-आयपॅडसाठी एअरप्रिंट आणलं. फोनमध्ये सीडी घालता येत नाही, त्यामुळे ड्रायव्हरशिवाय छापण्याची सोय करणं भागच होतं. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संस्था काढली आणि अँड्रॉइडसाठी तशीच वाट तयार झाली. दोन्हींच्या तळाशी आयपीपी नावाची एकच बोली आहे. ती ६३१ क्रमांकाच्या दारावरून, म्हणजे पोर्टवरून, बोलली जाते. हा ६३१ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रिंटरच्या खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' लिहिलेलं असेल, तर त्याला ही बोली येते आणि चारही तऱ्हेच्या यंत्रांवर ड्रायव्हर न शोधता छापता येईल. नवा प्रिंटर घेणार असाल तर दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा. पानाची किंमत, टोनरची किंमत हे नंतर.

विंडोजवर

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', मग 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'. 'ॲड डिव्हाइस' दाबलं की विंडोज स्वतः शोधायला लागतं आणि बहुधा प्रिंटरचं नाव दाखवतं. ते नाव दाबायचा मोह होतो. मी तो टाळतो. असा आपोआप सापडलेला प्रिंटर पुष्कळदा 'डब्ल्यूएसडी' नावाच्या दारातून जोडला जातो, आणि हे दार मधूनच प्रिंटर चालू असताना ऑफलाइन दाखवतं. आपण पत्ता राखून ठेवला आहे, तर पत्त्यानेच जाऊ.

थोडं थांबलं की खाली 'ॲड मॅन्युअली' किंवा तशाच अर्थाची ओळ येते. ती दाबा. नव्या खिडकीत 'ॲड अ प्रिंटर युझिंग ॲन आयपी ॲड्रेस ऑर होस्टनेम' निवडा. पुढच्या पानावर यंत्राचा प्रकार विचारतात. प्रिंटरला आयपीपी येत असेल आणि यादीत 'आयपीपी डिव्हाइस' असेल तर ते घ्या, ड्रायव्हर विंडोजकडे आहेच. नसेल तर 'टीसीपी आयपी डिव्हाइस' निवडा, १९२.१६८.१.५० घाला आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला ड्रायव्हर दाखवा. शेवटी 'प्रिंट टेस्ट पेज'.

विंडोज १० वर हीच खिडकी 'द प्रिंटर दॅट आय वाँट इझन्ट लिस्टेड' या ओळीतून उघडते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे मात्र ध्यानात घ्या.

सगळं बरोबर असूनही विंडोज ऑफलाइन म्हणत राहिलं, तर प्रिंटरच्या 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट्स' हा भाग उघडा, 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा आणि 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' समोरची खूण काढा. विंडोज प्रिंटरला मधूनमधून 'आहेस का' असं विचारत असतं आणि काही प्रिंटर त्या विशिष्ट प्रश्नाला उत्तर देत नाहीत. खूण काढली की तो प्रश्न विचारणं थांबतं.

उबुंटू आणि मॅक: पोटात एकच यंत्रणा

ही दोन वरवर इतकी वेगळी दिसतात, पण दोघांच्याही छपाईमागे कप्स नावाची एकच यंत्रणा आहे. मायकेल स्वीट यांनी ती १९९७ मध्ये लिहायला घेतली. ॲपलने २००२ मध्ये मॅकमध्ये वापरायला सुरुवात केली आणि २००७ मध्ये तिचा सोर्स कोडच विकत घेतला. लिनक्सवर ती मुक्तपणे मिळत राहिली. त्यामुळे एकीवर जे शिकाल ते दुसरीवर उपयोगी पडतं.

उबुंटूवर अनेकदा काहीच करावं लागत नाही. आयपीपी येणारा प्रिंटर त्याच नेटवर्कवर असला की तो छपाईच्या यादीत आपोआप येऊन बसतो. वाचनालयातला उबुंटूचा कॉम्प्युटर मी सुरू केला, दस्तऐवज उघडून कंट्रोल आणि पी दाबलं, आणि प्रिंटरचं नाव तिथे आधीच होतं. नाव नसेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रिंटर्स', वर 'अनलॉक' दाबून पासवर्ड, मग 'ॲड प्रिंटर', आणि खालच्या चौकटीत १९२.१६८.१.५०. तरीही सापडेना तर पूर्ण पत्ता द्या: आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एचपीचा प्रिंटर असेल तर उबुंटूच्या भांडारातून एचप्लिप हे पॅकेज घ्या. एचपीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांचं कामही त्याने भागतं.

मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', 'ॲड प्रिंटर'. यादीतलं नाव निवडलं की खाली 'युझ' समोर 'एअरप्रिंट' दिसेल. तेच ठेवा, कंपनीचा ड्रायव्हर शोधू नका. यादी रिकामी असेल तर वरचं पृथ्वीगोलाचं चित्र दाबा, पत्ता घाला, प्रोटोकॉलमध्ये एअरप्रिंट किंवा आयपीपी निवडा. मॅकचं एवढंच.

मोबाइलवर

आयफोनवर फाइल उघडून शेअरच्या बटणात 'प्रिंट'. अँड्रॉइडवर 'सेटिंग्ज'मध्ये 'कनेक्टेड डिव्हायसेस', 'कनेक्शन प्रेफरन्सेस', 'प्रिंटिंग' इथे 'डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस' चालू असल्याची खात्री करा. सॅमसंगमध्ये हे 'कनेक्शन्स'खाली 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'मध्ये आहे. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधाच्या चौकटीत 'प्रिंट' टाइप करा. प्रिंटर दिसला नाही तर प्ले स्टोअरवरून मोप्रियाचं मोफत ॲप घ्या. त्यात पत्ता हाताने घालता येतो.

व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ आधी पीडीएफ वाचकात उघडायची, मग कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून 'प्रिंट'. मोबाइल वायफायवर आहे ना, मोबाइल डेटावर तर गेला नाही ना, हे बघा. व्हीपीएन चालू असेल तर छापेपर्यंत बंद ठेवा. मोबाइलवरून न छापण्याच्या तक्रारींत निम्म्या इथेच मिटतात.

प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर

चालू प्रिंटर फेकायला मी सांगणार नाही. टोनर भरून घेतला की ही जुनी लेझर यंत्रं वर्षानुवर्षं चालतात. पण त्यांना मध्यस्थ हवा, आणि मध्यस्थ सतत चालू असणारा हवा. तो विंडोजचा असू शकतो किंवा लिनक्सचा.

विंडोजचा असेल तर: प्रिंटरच्या 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'शेअरिंग' उघडा, 'शेअर धिस प्रिंटर' समोर खूण करा, आणि नाव लहान, इंग्रजी, मोकळी जागा नसलेलं ठेवा. नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा, 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. कॉम्प्युटर झोपायला जाऊ नये म्हणून 'स्लीप' बंद करा. छपाईसाठी या कॉम्प्युटरवर एक वेगळा, साधा वापरकर्ता पासवर्डसह तयार करा आणि बाकीच्यांनी तेच नाव-पासवर्ड वापरून जोडायचं. पासवर्डच काढून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या बिनपासवर्डाच्या पाहुण्याला आताशा दारातच उभं करतात, शिवाय त्याने तुमच्या फाइलींचं दारही उघडं पडतं.

दुसऱ्या विंडोजवरून हा शेअर केलेला प्रिंटर जोडताना प्रशासकाची परवानगी मागितली जाते, किंवा ०x०००००११बी असा त्रुटिक्रमांक येतो. याला इतिहास आहे. २०२१ च्या जून-जुलैमध्ये विंडोजच्या छपाईयंत्रणेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ओळखलं गेलेलं मोठं भगदाड सापडलं. छपाईच्या वाटेने परका माणूस कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. ते आणि छपाईयंत्रणेतल्या आणखी काही त्रुटी बुजवताना मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. इंटरनेटवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या नोंदवहीत) एक आकडा शून्य करायची युक्ती सापडते. त्याने बुजवलेली त्रुटी पुन्हा उघडी पडते, म्हणून मी ती वापरत नाही. त्याऐवजी दोन्ही कॉम्प्युटर अद्ययावत करा. एवढ्यानेही जमलं नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपनीचा ड्रायव्हर टाकून घ्या, 'क्रिएट अ न्यू पोर्ट'मध्ये 'लोकल पोर्ट' निवडा आणि पोर्टचं नाव म्हणून \\काउंटर\लेझर अशा धर्तीवर कॉम्प्युटरचं आणि प्रिंटरचं नाव द्या. ड्रायव्हर आपल्याकडे, कागद तिकडे. ही वाट पुष्कळदा निघते.

तरीही विंडोजच्या मध्यस्थाची एक अडचण राहतेच: मोबाइलवाले कोरडेच राहतात. म्हणून मला लिनक्सचा मध्यस्थ जास्त आवडतो. कोपऱ्यात पडलेला जुना कॉम्प्युटर असेल तर त्यावर उबुंटू टाका आणि प्रिंटर त्याला जोडा. एक पान छापून बघा. मग त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ उघडा. कप्सचं पान येईल. 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'शेअर प्रिंटर्स कनेक्टेड टू धिस सिस्टिम' समोर खूण करून 'चेंज सेटिंग्ज' दाबा. या कॉम्प्युटरलाही राउटरमध्ये कायमचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.६०. फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) चालू असेल तर ६३१ चं दार घरच्या नेटवर्कपुरतं उघडा.

आता कप्स या जुन्या प्रिंटरची ओळख एअरप्रिंटच्या भाषेत करून देतं. मॅकला तो दिसतो, आयफोनला दिसतो, दुसऱ्या उबुंटूला दिसतो. ज्या यंत्राला वायफाय म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यावर आयफोनवरून पान आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. विंडोजवर 'सिलेक्ट अ शेअर्ड प्रिंटर बाय नेम' निवडून एचटीटीपी://१९२.१६८.१.६०:६३१/प्रिंटर्स/ आणि पुढे प्रिंटरचं कप्समधलं नाव, असं द्यायचं.

जुन्या कॉम्प्युटरऐवजी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर वापरायचा विचार असेल, वीज वाचते म्हणून तो चांगलाच आहे, तर विकत घेण्याआधी ड्रायव्हर तपासा. काही कंपन्यांचे लिनक्स ड्रायव्हर फक्त इंटेल धाटणीच्या प्रोसेसरसाठी बनवलेले असतात. पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा, त्यावर ते चालत नाहीत. एलबीपी २९०० च्या कॅप्ट ड्रायव्हरची अडचण नेमकी हीच. लेझरजेट १०२० ची वेगळी: त्याच्या पोटात स्वतःचं सॉफ्टवेअर कायम राहत नाही, दर वेळी सुरू केल्यावर कॉम्प्युटरने ते भरावं लागतं. एचप्लिपसोबतचा जोडभाग टाकला की ते आपोआप होतं. तो टाकायचा राहिला तर प्रिंटर दिसतो, काम घेतो आणि गप्प बसतो.

आणि ६३१ चं दार राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सशी जोडलेल्या काही भागांतल्या त्रुटी जाहीर झाल्या होत्या. ज्यांनी ते दार बाहेर उघडं ठेवलं होतं त्यांना मोठा धोका होता. घरातल्या प्रिंटरवर बाहेरगावाहून छापायची खरंच गरज किती वेळा पडते? पीडीएफ घरी पाठवा, घरचं कुणीतरी छापेल.

मराठी मजकूर नीट छापला जातोय ना?

चाचणीचं पान इंग्रजीत असतं, ते सुंदर येतं आणि आपण निश्चिंत होतो. मी प्रत्येक यंत्रावरून एक मराठी ओळ छापून बघतो: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की वर्गणीची अंतिम तारीख…' यात रफार आहे, जोडाक्षर आहे, अनुस्वार आहे. 'सर्व'मधला रफार 'व'वरून निसटून बाजूला पडला, किंवा 'अंतिम'मधली वेलांटी 'त'च्या पुढे गेली, तर दोष प्रिंटरचा नसून फाँट आणि ड्रायव्हर यांच्या बेबनावाचा असतो. ॲडोबी रीडरमध्ये छापण्याच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' दाबून 'प्रिंट ॲज इमेज' निवडा. मग अक्षरांऐवजी पानाचं चित्र जातं. जरा वेळ लागतो, पण पडद्यावर दिसतं तेच कागदावर येतं.

जुन्या नोटिसा आणि पावत्या श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व (सगळ्या यंत्रांसाठी अक्षरांचे एकच संकेत ठरण्याआधीच्या) फाँटांत असतात. त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तो फाँट ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथेच फाइलची पीडीएफ करायची आणि पीडीएफच इकडे तिकडे पाठवायची. वाचनालयात आता सगळ्या नोटिसा पीडीएफमध्येच ठेवतात, म्हणून उबुंटूवरूनही त्या जशाच्या तशा निघतात.

छापेना झालं तर

क्रम मोडू नका. ज्या यंत्रावरून छापत नाही त्याच यंत्राच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता उघडा. पान उघडत नसेल तर दोष नेटवर्कचा: वायफाय वेगळं, केबल सैल, किंवा पत्ता बदललेला. पान उघडत असेल तर दोष त्या यंत्रातल्या रांगेचा. विंडोजवर अडकलेलं एक काम मागच्या सगळ्यांना अडवून धरतं. रांग रिकामी करा. होत नसेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' बंद करून पुन्हा सुरू करा. मॅक आणि उबुंटूवर एखाद्या चुकीनंतर रांग थांबून राहू शकते. तिथे 'रिझ्यूम' दाबावं लागतं. कागद अडकून निघाला, सगळे दिवे हिरवे झाले, तरी कॉम्प्युटर थांबलेलाच राहतो तो यामुळे.

वाचनालयातल्या प्रिंटरच्या झाकणावर आता मी एक कागद चिकटवला आहे, वरून पारदर्शक टेप लावून. त्यावर प्रिंटरचं नाव, पत्ता १९२.१६८.१.५०, वायफायचं नाव, 'कागद फक्त ए४', आणि राउटर कुठे ठेवला आहे ते लिहिलंय. ग्रंथपालबाईंनी त्याखाली आपल्या अक्षरात एक ओळ घातली आहे: 'लाइट आल्यावर आधी राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत, मगच प्रिंटरचं बटण दाबावं.'